गाळलेलं वाक्य

चष्म्याच्या दुकानात माझ्या नाकावर तपासणीची ती जड चौकट होती आणि दुकानदार एकामागून एक काचा तिच्यात सरकवत होता, तेव्हा मांडीवरचा फोन थरथरला. "आता बरं दिसतंय की मघाशी?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आता. नाही, थांबा, मघाशी." "ताई, घाई नाही, पण डोळे तुमचे आहेत, मी कसं सांगू?" असं म्हणून तो हसला आणि दुसरी काच आणायला पडद्याआड गेला. तेवढ्यात मी फोन जवळ धरला. उजव्या डोळ्यासमोर काच होती, डाव्यासमोर नुसतं रिकामं भोक, त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा दिसत होती, एक स्पष्ट आणि तिच्या जरा वर तिचीच पुसट सावली. कुणा अनोळखी बाईची तक्रार होती. तिनं लिहिलं होतं: "तुमचा खोली ऐकणारा प्रोग्राम मी वडिलांच्या खोलीत लावला होता. काल ठिपका अडीच तास हिरवा होता. मी आत गेले तेव्हा वडील गार पडले होते. हिरव्याचा अर्थ काय ते तुमच्या वर्णनात लिहिलेलं नाही. लिहायला हवं होतं. एवढंच." दुकानदार परत आला, त्यानं काच सरकवली, समोरच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली, आणि मी ती चटाचटा वाचली. "वा, हाच नंबर," तो म्हणाला. मला त्या क्षणी पहिल्यांदा काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, किती नेमकं लिहिलंय बाईनं. एक विशेषण नाही. जसं मी लोकांना शिकवते तसं.

माझं काम वर्णनं लिहिण्याचं. लोक घरबसल्या प्रोग्राम बनवतात आणि ते कुणालाही वापरता यावेत, उघडून बघता यावेत, बदलता यावेत म्हणून एका मोठ्या संग्रहात ठेवतात. त्या प्रत्येकाला एक ओळ आणि एक छोटा परिच्छेद लागतो, म्हणजे घेणाऱ्याला कळावं की ही वस्तू काय करते. बनवणारे स्वतः लिहितात तेव्हा एकतर आपलं बाळ जगात सगळ्यात देखणं असल्यासारखं लिहितात, नाहीतर "कंटाळा आला होता म्हणून केला, चालला तर बघा" असं. मी दोन्ही काढून टाकते. 'झटपट' काढते, 'सोपा' काढते, 'अफलातून' तर दिसताक्षणीच. उरतं ते असं: 'एकसारखी छायाचित्रं शोधतो आणि त्यांची यादी देतो.' असं वाक्य जमलं की मला धुतलेल्या ओट्याकडे बघितल्यासारखं वाटतं. त्याआधी एकोणीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं लिहिली. तिथेही तेच होतं, पुस्तक आवडलं की नाही ते कार्डावर यायचं नाही. ग्रंथालयातली कार्डं बंद झाली तेव्हा धाकट्या भावानं मला या कामात आणलं. "ताई, तुला हवं तसंच काम आहे," तो म्हणाला होता, "कुणाला भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, नुसतं लोकांचं लिहिलेलं खोडायचं." आई पलंगावरून म्हणाली, "मग हिला बढती मिळालीच म्हणून समज." मी खरोखर बरी निघाले असणार, कारण वर्षभरात संग्रहाच्या मंडळींनी मला सगळ्यांसाठी नियम लिहून द्यायला सांगितलं. अकरा नियम लिहिले. तिसरा, स्तुती नको. चौथा, वस्तू काय करते ते लिहा, काय करत नाही ते नको, कारण त्याला अंत नाही. सातवा, वाचणाऱ्याला सल्ला देऊ नका. सल्ल्याची जागा माहितीपुस्तिकेत.

तो खोली ऐकणारा प्रोग्राम माझ्या भावाचा. आई त्याला खटपट्या म्हणायची, लहानपणी घरातलं एकही घड्याळ त्यानं धड ठेवलं नव्हतं म्हणून. आईची फुप्फुसं गेली आणि तिला खोकल्याची उबळ यायला लागली. उबळ आली की तिला तात्काळ उठवून बसवावं लागे, नाहीतर जीव गुदमरायचा. खटपट्या दुसऱ्या शहरात, बायको-मुलात, नोकरीत. मी आईजवळ, पण माझं टेबल बाहेरच्या खोलीत. त्यानं दोन आठवडे खपून हा प्रोग्राम केला. आईच्या उशाशी सुपारीएवढा माइक, आणि माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका. खोलीत आवाज नसेल तर हिरवा, आवाज झाला तर पिवळा, उबळ आली तर लाल. पिवळा किंवा लाल झालेला ठिपका दहा मिनिटं तसाच राही, म्हणजे नजर चुकली तरी कळावं. तोच ठिपका त्याच्याही पडद्यावर, तिकडे, शेकडो मैलांवर. आम्हाला भीती खोकल्याची होती. म्हणून आवाज नसण्याला हिरवा रंग मिळाला. याच्यावर कुणी दोन मिनिटं विचार केला असेल असं मला वाटत नाही. पुढे त्यानं तो संग्रहात टाकला, इतर कुणाच्या घरी उपयोगी पडेल म्हणून, आणि वर्णन अर्थातच माझ्याकडे आलं. त्यानं लिहिलं होतं: 'आमच्या आईसाठी केलेला छोटासा प्रोग्राम. शेजारच्या खोलीत खोकल्याचा आवाज झाला की सांगतो. पण हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका हं. अधूनमधून उठून बघत जा.' मी लिहिलं: 'माइकवरून खोलीतल्या आवाजाची पातळी मोजतो आणि ती तीन रंगांत दाखवतो. नोंदी वेळेसह फाईलमध्ये ठेवतो.' त्यातली 'आई' गेली तिसऱ्या नियमाखाली की आणखी कुठल्या ते आता आठवत नाही. ते शेवटचं वाक्य गेलं सातव्याखाली. ते 'हं' बघून मला हसू आल्याचं मात्र आठवतं. पुस्तिका त्यानं कधी लिहिलीच नाही. मी वर्णन त्याला दाखवलं, त्यानं अंगठा पाठवला, झालं.

दुकानातून बाहेर पडले तेव्हा अकरा वाजले होते. नव्या काचा तयार व्हायला चार दिवस लागणार होते. रस्त्यावर ऊन होतं, एका दुकानाचं शटर अर्धं वर अडकलं होतं आणि दोन माणसं खालून ते ढकलत होती, "अरे उचल ना, हात लावून फोटो काढायचाय का?" असं एक दुसऱ्याला म्हणत होता. मी थांबून बघत राहिले. अडीच तास, असं डोक्यात चाललं होतं. त्या बाईचे अडीच तास. माझा एक तास वीस मिनिटं होता. असं कुणी कुणाशी मोजून बघू नये हे कळत होतं, तरी मन मोजत होतं. पायऱ्या चढताना मी रोजचं नामस्मरण सुरू केलं, ते पहिल्या मजल्यावर तुटलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तुटलं.

मी बाविसाव्या वर्षी एक नेम धरला, बाबा गेले त्या वर्षी. दुपारी दोन ते तीन बोलायचं नाही. देवाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं; आवाज होता, त्यातला एक तास दिला. ग्रंथालयात तो आयताच पाळला जायचा. घरी आईनं त्याची थट्टा केली आणि त्याला जपलंही, दोन्ही तिनंच. कुणी पाहुणा आला की सांगायची, "हिचा तास चालू आहे. घराला आग लागली तरी ही खुणेनं सांगेल, तेव्हा तुम्हीच लक्ष ठेवा." पण त्या तासात तिनं मला कधी हाक मारली नाही. हाक मारली की ओ द्यावीशी वाटते, म्हणायची, मग तुझा नेम मोडायचा आणि पाप माझ्या माथी. काही हवं असलं तर उशाशी पाण्याचा पेला असे, त्यावर चमच्यानं वाजवायची. तीनदा. बारीक, अगदी संकोचून, जणू पेल्याला लागायला नको. दार उघडं असायचं, मला ऐकू यायचं, मी जायची. तिला पाणी द्यायची, पाय चेपायची, ती डोळ्यांनी हसायची, आणि तीन वाजले की आम्ही दोघी एकदम बोलायला लागायचो. मग खटपट्याचा प्रोग्राम आला आणि पहिल्याच दिवशी ठिपका सारखा पिवळा व्हायला लागला. बघितलं तर माझ्याच टायपिंगचा आवाज जात होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "थोडी मर्यादा वर नेतो, आणि तू दार लोटून घे. ठिपका आहे ना आता." मी दार लोटून घेतलं. हे आम्ही किती सहज केलं. तिला विचारलंसुद्धा नाही. तीही काही बोलली नाही. त्यानंतर दोन ते तीनमध्ये तिनं पेला वाजवल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, तिला आता त्या वेळी झोप लागते.

ती दुपार मला पूर्ण आठवते, आणि तिच्यात काहीच नाही. जेवून आईनं औषध घेतलं, "जा तू आता, दोन वाजतील," म्हणाली. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, दार लोटलं. एक प्रोग्राम आला होता, फाईलींची नावं ठरावीक पद्धतीनं बदलणारा, आणि त्याचं वाक्य काही केल्या बसत नव्हतं. 'बदलतो' की 'बदलून देतो', एवढ्यावरच मी वीस मिनिटं होते. ठिपका हिरवा. तीन वाजायला वीस कमी असताना खटपट्याचा निरोप आला: "मस्त हिरवा आहे आज. आईला बरं वाटतंय वाटतं." मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. तीन वाजता मौन सुटलं, मी नेहमीसारखं आधी देवाचं नाव घेतलं, मग उठावं असं मनात आलं, पण वाक्य जवळपास जमलं होतं, म्हणून बसले. ते जमलं तेव्हा तीन वीस झाले होते. मी खुशीत दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार, तुम्ही शेजारी असतात तरी काही करता आलं नसतं. दोन्ही वाक्यं नियमात बसणारी नव्हती, दुसरं तर 'काय करत नाही' या प्रकारातलं, पण मी ती तीन वर्षं उराशी धरून होते.

घरी येऊन जुन्याच चष्म्यानं मी त्या प्रोग्रामचं पान उघडलं. तो अकराशे सत्तर यंत्रांवर बसवलेला होता. अकराशे सत्तर खोल्या, असं मी मोजलं. कुणी पाळण्याशेजारी लावला असेल, कुणी कुत्र्यासाठी. पण काही खोल्यांत आमच्यासारखीच माणसं असणार, आणि बाहेरच्या खोलीत कुणीतरी त्या हिरव्या रंगावर विश्वास ठेवून आपलं काम करत असणार. आमच्या कामाची एक रीत आहे. वर्णन एकटं प्रवास करत नाही. प्रोग्रामची नवी आवृत्ती बांधली जाते, तिच्यासोबत नवं वर्णन जातं, आणि ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना आपोआप नवी मिळते. म्हणजे मी ते वाक्य आज परत घातलं, तर आठवड्याभरात त्या सगळ्या पडद्यांवर ते एकदा तरी दिसेल. एवढंच करायचं होतं. ते झालं असतं तर मला काय मिळालं असतं कोण जाणे, पण त्या दिवशी मला दुसरं काहीही नको होतं. मी भावाचं वाक्य जसंच्या तसं घातलं, फक्त 'हं' काढलं, आणि तपासणीला पाठवलं.

आमच्याकडे जी तपासते तिला मी कधी बघितलेलं नाही. तिला जुळी मुलं आहेत, फोनवर बोलताना मागे कायम काहीतरी पडल्याचा आवाज येतो. काम तिला मीच शिकवलं. अर्ध्या तासात तिचा फोन. "ताई, हे तुम्हीच पाठवलंत ना? की तुमच्या नावानं कुणी दुसऱ्यानं?"

"मीच."

"अहो, 'उठून बघत जा' लिहिलंय! सातवा नियम. मला पहिल्या महिन्यात याच्यासाठी तुम्ही चारदा परत पाठवलं होतं, विसरलात? मी रडले होते. ए, तो डबा खाली ठेव आधी! तुम्हाला नाही ताई, याला म्हटलं."

मी म्हटलं, मग असं लिहूया: 'आवाजाची पातळी मोजतो, माणसाची प्रकृती तपासत नाही.' ती म्हणाली, "हे चौथ्यात जातं की. काय करत नाही ते. तुम्हीच म्हणायचात, एकदा सुरुवात केली की मग 'हा प्रोग्राम चहा करत नाही' हेसुद्धा लिहावं लागेल." हा विनोद खरोखर माझाच होता. मी तो दरवर्षी नव्या लोकांना सांगत असे आणि ते दरवर्षी हसत. मग मी तिला ती तक्रार वाचून दाखवली. माझं स्वतःचं काही सांगितलं नाही. मागे मुलं भांडत होती, ती त्यांना ओरडली नाही. शेवटी म्हणाली, "ताई, घाला. मी मंजूर करते. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." मला तिचे पाय धरावेसे वाटले. मी मंजुरी आलेली बघितली, बांधणीचं बटण दाबलं, आणि चहा टाकायला उठले. परत आले तर पडद्यावर लाल अक्षरं होती. बांधणी फसली होती. तीन वर्षांत प्रोग्रामला कुणी हात लावला नव्हता, आवाज घेणारा त्यातला भाग जुना झाला होता आणि नव्या यंत्रणेला तो ओळखू येत नव्हता. जिथे आधीपासून बसवलाय तिथे तो चालत राहील. नवा बांधता येणार नाही. आणि नवा बांधला नाही तर वाक्य कुठेही जाणार नाही. मी वर्णन लिहिणारी बाई. आतलं मला काही कळत नाही, मी आयुष्यभर डब्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या. संग्रहातल्या दोघातिघांना मी विचारलं. सगळे भले लोक, सगळ्यांनी तेच सांगितलं: ज्यानं लिहिला त्यानंच दुरुस्त केला तर होईल, नाहीतर काढून टाकावा, तसाही आता त्याला वाली नाही.

आई गेल्यावर खटपट्या आणि मी भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं. आम्ही एकमेकांना वाढदिवसाला फोन करतो, प्रकृती विचारतो, त्याची बायको पाच मिनिटं बोलते. तो आपणहून फोन करत नाही. मला वाटायचं, मी त्याचं ते वाक्य गाळलं आणि आत वेळेवर गेले नाही याचा राग आहे त्याच्या मनात, आणि तो रास्त आहे, म्हणून मी कधी खोदून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला फोन लावला. वहिनीनं उचलला. "थांबा हं वन्सं, गच्चीत झाडांना पाणी घालतायत. आज काय विशेष?" मग त्याचा आवाज, ओल्या हातानं फोन धरल्यासारखा लांबून. मी सगळं सांगितलं, ती बाई, ते वाक्य, ते मी कसं गाळलं होतं. "मी गाळलं ते," मी दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "कुठलं वाक्य?" त्याला आठवत नव्हतं. मी त्याला वाचून दाखवलं. "हं, असेल. माझंच वाटतंय," तो म्हणाला. तीन वर्षं मी ज्याचा राग समजत होते त्याची त्याला नोंदही नव्हती.

"तू एकदा उघडून दुरुस्त करशील का? आवाजाचा भाग तेवढा. बाकीचं मी करते."

"नाही ताई."

"दोन तासांचं काम असेल म्हणे."

"असेल. मला ते उघडायचं नाहीये. काढून टाका ना. काढूनच टाका."

"काढलं तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे तसंच राहील रे. त्यांना कोण सांगणार?"

नळ बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "ताई, मी एक विचारू? तू ती फाईल कधी बघितलीस का? त्या दिवसाची?" प्रोग्राम नोंदी ठेवतो, वेळेसह, मीच वर्णनात लिहिलं होतं. ठिपक्याचा रंग बदलो न बदलो, प्रत्येक आवाज त्यात उतरतो, आणि तीच फाईल त्याच्याकडेही जाते. मी कधी उघडली नव्हती. माझ्या यंत्रावर ती अजून आहे हे मला माहीत होतं. "मी बघितली," तो म्हणाला. "त्याच रात्री, तिकडे येताना गाडीत. दोन वाजून अठरा मिनिटांनी आहे. तीनदा. बारीक, मर्यादेच्या कितीतरी खाली. मग दोन एकवीसला पुन्हा तीनदा. मग काही नाही." तो म्हणाला, "मला कळेना हे काय आहे. खोकला नाही, बोलणं नाही. नोंदी अगदी क्षणभराच्या, एखादी धातूची वस्तू वाजली असावी असं वाटलं. मग घरी आल्यावर तिच्या उशाशी बघितलं." "मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो चढवता येत नाही. "काय सांगणार होतो?" तो म्हणाला. "मर्यादा मी वर नेली. दार लोट असं मीच म्हणालो. आणि तुला काय सांगू, की तुझा तास चालू होता म्हणून तिनं हाक मारली नाही? ते तुला सांगून मी कुठे गेलो असतो?" पलीकडे वहिनी काहीतरी विचारत होती, तो तिला म्हणाला, "काही नाही, ताईशी बोलतोय." मग मला म्हणाला, "जेवलीस का?" सकाळचे नऊ वाजले होते. मी हो म्हटलं.

प्रोग्राम संग्रहातून काढायचा तर एक चौकट भरावी लागते. कारण: एक ओळ. मी लिहिलं, 'बांधणी होत नाही. देखभाल करणारे कोणी नाही.' तपासणारीनं लगेच मंजूर केलं आणि खाली लिहिलं, "ताई, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही बघा. एक शब्द जास्त नाही." त्या बाईच्या तक्रारीला उत्तर द्यायचं होतं. पहिल्यांदा मी लिहिलं, माझीही आई. ते खोडलं. मग लिहिलं, ते वाक्य मूळ वर्णनात होतं, मी काढलं. तेही खोडलं, कारण तिला ते घेऊन काय करायचं होतं? शेवटी गेलं ते असं: 'तुमचं म्हणणं बरोबर आहे. प्रोग्राम संग्रहातून काढला आहे.' तक्रार मिटली अशी खूण आपोआप पडली. अकराशे सत्तर हा आकडा पानासकट नाहीसा झाला. ती यंत्रं आता कुठे आहेत ते कुणालाच कळणार नाही. ती चालत राहतील, शेजारच्या खोलीतलं ऐकत राहतील.

दोनला पाच कमी होते. मी नेमाला बसणार होते, कारण तो मोडण्याचंही मला सुचलं नाही. एकतीस वर्षांनी माणूस नेम पाळत नाही, नेमच माणसाला हाताला धरून नेतो. पण त्याआधी मी आईच्या खोलीत गेले. पलंगावर आता इस्त्रीचे कपडे असतात. ते बाजूला केले. माइक खणात होता, तो उशाच्या जागी ठेवला. पेला स्वयंपाकघरात बाकीच्या पेल्यांत मिसळला होता, पण मला तो ओळखू येतो, काठाला एक पोचा आहे. त्यात पाणी भरून आणलं. माझ्या यंत्रावर प्रोग्राम अजून चालतो. सुरू केला, कोपऱ्यात ठिपका आला. दोन वाजले. मी आत जाऊन पलंगावर बसले, चमचा घेतला, आणि पेल्यावर तीनदा वाजवलं, तिच्यासारखं, लागणार नाही असं. दार लोटून बाहेर आले. ठिपका हिरवा होता. परत आत गेले, जरा जोरात वाजवलं, बाहेर येऊन बघितलं. हिरवा. मग आणखी जोरात, पाणी उडेल इतकं. दार उघडायचं, वाजवायचं, दार लोटायचं, बघायचं. तीन वाजेपर्यंत मी तोंडातून अक्षर न काढता पुन्हापुन्हा उठले, आणि जाऊन बघत राहिले.